वाचकांचे प्रश्न : फोटो एडिटिंग शिकावे कुठून?

प्रश्न : माझ्याकडे आजोबांचा फेटा बांधलेला एक जुना, कृष्णधवल फोटो आहे. तो मधोमध दुमडला गेल्यामुळे गालावरून मिशीपर्यंत पांढरी रेघ उमटली आहे आणि एका कोपऱ्यात पिवळट डाग पडले आहेत. मुलाने संगणकावर गिंप हे सॉफ्टवेअर टाकून दिले. दोन महिने यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून मी वही भरून टिपणे काढली, पण फोटो होता तसाच आहे. व्हिडिओत दाखवतात ती बटणे माझ्या पडद्यावर सापडतच नाहीत. नीट शिकवणारे साहित्य कुठे मिळेल? मराठीत काही आहे का?
(निवृत्त शिक्षिका, वाई)

उत्तर : वही भरली आणि फोटो तसाच राहिला, ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. बहुतेक वेळा घडते असे की माणूस आधी सगळे सॉफ्टवेअर शिकायला बसतो आणि फोटोचे नंतर पाहू म्हणतो. आपल्या हाती तर ठरलेला एक फोटो आहे आणि त्यातले दोन दोषही आपण नेमके सांगितले आहेत. तेव्हा एक रेघ आणि काही डाग घालवण्यापुरतेच गिंप शिकायला घ्यावे आणि साहित्यही तेवढ्याच कामाचे शोधावे, असे मला वाटते.

आधी बटणांचे कोडे सोडवू. गिंपची सुरुवात १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली, आणि तेव्हापासून त्याचे रूप अनेकदा पालटले आहे. पूर्वी साधनांची पेटी एका खिडकीत, लेयरची, म्हणजे फोटोत एकावर एक रचलेल्या थरांची, यादी दुसरीत आणि फोटो तिसरीत, अशी पांगापांग असे. २०१२ च्या २.८ या आवृत्तीत हे सारे एकाच खिडकीत घेण्याची सोय झाली. त्याच आवृत्तीपासून ‘सेव्ह’ केल्यावर फाइल फक्त गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात साठते आणि जेपीजी हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते, हे जुन्या व्हिडिओंत अर्थातच सांगितलेले नसते. पुढे २०२० मध्ये आलेल्या २.१०.१८ या आवृत्तीत सारख्या कामाची साधने एकेका बटणाखाली गोळा केली गेली, आणि आपली हरवलेली बटणे बहुधा तिथेच दडलेली आहेत. जे बटण दिसत नाही त्याच्या जातीच्या दुसऱ्या बटणावर माऊस दाबून धरला की आतली साधने उलगडतात. डाग पुसण्याचे ‘हील’ हे साधन तर नुसते एच हे अक्षर दाबूनही हाती येते. मार्च २०२५ मध्ये ३.० ही आवृत्ती आली आणि पुन्हा काही गोष्टी हलल्या. म्हणून कोणताही धडा पाहण्याआधी ‘हेल्प’ मेन्यूतील ‘अबाउट’ उघडून आपली आवृत्ती पाहावी आणि धडा कोणत्या आवृत्तीवर बेतला आहे तेही पाहावे. आवृत्तीचा उल्लेखच न करणारा शिक्षक मी तरी सोडून देतो.

मराठीचे विचाराल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पापासून सुरुवात करावी. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने चालणाऱ्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे ध्वनिचित्र-धडे विनामूल्य मिळतात आणि ते भारतीय भाषांमध्ये भाषांतरित केले जातात. संकेतस्थळावर सॉफ्टवेअरच्या यादीत गिंप आणि भाषेच्या यादीत मराठी निवडून पाहावे; जो धडा मराठीत दिसणार नाही तो हिंदीत पाहता येईल. हे धडे मुळात जर्मनीतल्या रोल्फ स्टाइनॉर्ट यांच्या व्हिडिओमालिकेवर आधारलेले आहेत आणि ते बरेच जुने असल्याने त्यांत तीच खिडक्यांची पांगापांग दिसेल. तरीही मी ते सुचवतो, कारण स्टाइनॉर्ट स्वतःच्या फोटोत काय खटकते ते आधी बोलून दाखवतात आणि मगच साधनाला हात लावतात. शिवाय शेजारी गिंप उघडे ठेवायचे, धडा थांबवायचा आणि तेवढेच करून पाहायचे, अशी या प्रकल्पाची शिकण्याची रीतच आहे. आपण वहीत जे लिहिले ते एकदा हाताने केले असते तर पुन्हा वही उघडावी लागली नसती, हे शिक्षिकेला मी वेगळे सांगायला नको.

इंग्रजी वाचण्याची अडचण नसेल तर गिंपच्या अधिकृत संकेतस्थळावरचे ‘ट्युटोरियल्स’ हे पान आणि तिथलीच सविस्तर पुस्तिका हाताशी असू द्यावी. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचू नये, शब्दकोशासारखी वापरावी. एखादे साधन हाती घेतले आणि त्याच्या पर्यायांपैकी एक कळला नाही, की तेवढेच पान उघडायचे. व्हिडिओच हवे असतील तर ‘डेव्हिस मीडिया डिझाइन’ या वाहिनीवर गिंपच्या अलीकडच्या आवृत्त्यांचे धडे आहेत. आणखी एक सूचना करतो. गिंपची भाषा इंग्रजीच ठेवावी, कारण जगातले जवळपास सगळे धडे मेन्यूंची इंग्रजी नावे घेऊनच बोलतात.

आता फोटोकडे येऊ. तो स्कॅनरवर ६०० पीपीआयने (इंचाला ६०० पिक्सेल, म्हणजे ठिपके) स्कॅन करून घ्यावा आणि फाइल टिफ किंवा पीएनजी प्रकारात मागावी. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करायला सांगावे. दुकानदार ‘कशाला, ब्लॅक अँड व्हाइट तर आहे’ म्हणेल, पण रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांत, म्हणजे चॅनेलमध्ये, साठतो; आपले डाग पिवळट आहेत आणि पिवळा रंग निळ्या चॅनेलमध्ये गडद उमटतो, लाल चॅनेलमध्ये मात्र जवळजवळ नाहीसा होतो. ‘चॅनेल्स’ या पॅनेलमध्ये हिरव्या आणि निळ्या चॅनेलपुढचे डोळ्याचे चिन्ह बंद करून पाहावे. पडदा लालभडक दिसेल, पण कोपऱ्यातले डाग फिके पडलेले दिसतील. मग ती चिन्हे पुन्हा सुरू करून ‘मोनो मिक्सर’मध्ये लाल एकावर आणि बाकी दोन्ही शून्यावर ठेवले की तोच स्वच्छ कृष्णधवल फोटो हाती येतो, आणि तासभर डाग पुसत बसण्याचे काम मिनिटभरात होते. कृष्णधवल फोटो रंगीत का स्कॅन करायचा, हे जो धडा सांगतो तो पुनरुज्जीवनाचा चांगला धडा समजावा; मी तरी याच एका प्रश्नावर धड्यांची पारख करतो.

रेघेसाठी मूळ लेयरची प्रत काढून त्या प्रतीवरच काम करावे, म्हणजे मूळ फोटो खाली सुरक्षित राहतो. ‘हील’ हे साधन घेऊन कंट्रोल दाबून जवळच्या चांगल्या त्वचेवर क्लिक केले की तिथला पोत उचलला जातो, आणि रेघेवर लहान ब्रशने टिपत गेले की तो पोत आजूबाजूच्या उजेडाशी जुळवून घेत बसतो. गालावर हे छान चालते. पण रेघ मिशीच्या कडेला पोहोचली, म्हणजे गडद केस आणि उजळ त्वचा शेजारी आली, की ‘हील’ त्या काळेपणाला ओढून ओठावर धुरकट ठिपका करून ठेवते. तिथे नमुना जसाच्या तसा उमटवणारे ‘क्लोन’ हे साधन घ्यावे, ब्रश केसाच्या दोन-तीन बटांइतका लहान करावा आणि मिशीच्याच बाजूच्या भागातून, केस ज्या दिशेने वळले आहेत त्या दिशेने नमुना उचलत जावे. एवढ्या रेघेला दोन संध्याकाळी लागतील आणि लागू द्याव्यात. एका बटणात जुने फोटो ‘नवे’ करून देणारी अ‍ॅप्स हल्ली पुष्कळ निघाली आहेत; त्यांतली काही गहाळ झालेला भाग स्वतःच्या कल्पनेने भरतात, आणि आजोबांच्या फेट्याखाली भलताच गृहस्थ हसताना दिसू लागतो.

हे एवढे साधल्यावर पुढच्या फोटोसाठी उजेड-अंधार जुळवणारी ‘लेव्हल्स’ आणि ‘कर्व्हज’ ही साधने आणि बदल ठरावीक भागापुरता ठेवणारा ‘लेयर मास्क’ असे तीन विषय, याच क्रमाने घ्यावेत. हिस्टोग्राम म्हणजे काय आणि लेव्हल्स सरकवल्यावर नेमके काय होते, याचे सचित्र विवेचन ‘केंब्रिज इन कलर’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळते. तिथे कोणत्याही एका सॉफ्टवेअरची बटणे शिकवलेली नसल्याने ते जुने होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक मिळतो, पण त्यावर काही इन्स्टॉल करू देत नाहीत. सुरुवात कशी करू?
(विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : फोनवर गूगलचे स्नॅपसीड हे फोटो एडिटिंगचे अ‍ॅप विनामूल्य मिळते. त्यात केलेले बदल नंतर पुन्हा उघडून कमी-जास्त करता येतात, आणि एखादा बदल फोटोच्या ठरावीक भागावरच ब्रशने लावता येतो. मास्क ही कल्पना समजायला तेवढे पुरेसे आहे. प्रयोगशाळेत ब्राउझरमध्ये फोटोपी हे फोटो एडिटिंगचे संकेतस्थळ उघडावे. ते इन्स्टॉल करावे लागत नाही, त्याची मांडणी फोटोशॉपसारखीच आहे, फोटोशॉपच्या पीएसडी फाइली त्यात उघडतात आणि फोटो कोणत्याही सर्व्हरवर न पाठवता काम आपल्याच संगणकावर होते. बाजूला जाहिराती दिसतात, त्याकडे दुर्लक्ष करावे. फोटोशॉपचे बहुतेक प्राथमिक धडे फोटोपीवर जसेच्या तसे करून पाहता येतात, त्यामुळे आपल्याला वेगळे साहित्य शोधण्याची गरज नाही.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. अल्बमचे काम स्वतः करता यावे म्हणून शहरातल्या एका क्लासला फी भरली. तीन महिन्यांत तयार टेम्पलेटमध्ये फोटो बसवण्यापलीकडे काही शिकवले नाही, आणि संगणकांवर फोटोशॉपही क्रॅक केलेले होते. दुसरा क्लास लावू की घरीच शिकू? घरी शिकायचे तर कशावरून?
(छायाचित्रकार, नांदेड)

उत्तर : टेम्पलेट भरणे हे कमी दर्जाचे काम आहे असे मी म्हणणार नाही. लग्नसराईत आठवड्याला तीन अल्बम द्यायचे असतात तेव्हा सगळी लॅब त्यावरच चालते. पण टेम्पलेट कोऱ्या जागा देते आणि त्या जागेत बसणारा फोटो मुळात ठीक आहे असे गृहीत धरते. हळदीच्या मांडवात एका बाजूला हॅलोजन आणि दुसऱ्या बाजूला पिवळे कापड असले की नवरीचा चेहरा कसा होतो, हे आपण रोज पाहता. तो चेहरा ताळ्यावर आणणे म्हणजेच आपल्याला शिकायची असलेली गोष्ट, आणि क्लास लावायचा तर तो हे शिकवतो की नाही एवढेच पाहावे.

फी भरण्याआधी शिक्षकाला त्याने स्वतः केलेली एखादी पीएसडी फाइल उघडून दाखवायला सांगावे. त्यात मूळ फोटोचा लेयर तळाशी शाबूत असेल, रंग आणि उजेडाचे बदल मूळ फोटोला हात न लावणाऱ्या ‘अ‍ॅडजस्टमेंट लेयर’वर असतील, त्यांना मास्क असतील आणि लेयरना काही नावे दिलेली असतील, तर हा माणूस कामाची पद्धत शिकवू शकेल. सगळे एकाच लेयरवर दाबून सपाट केलेले असेल तर आपल्याला पुन्हा तेच तीन महिने मिळतील. दुसरे म्हणजे, सरावाच्या फाइली घरी नेऊ देतात का, हे विचारावे. आपलेच बिघडलेले फोटो आणून दुरुस्त करू देतात का, हेही विचारावे. चांगला शिक्षक या प्रश्नाने खूश होतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर शिकवणाऱ्या जागेपासून लांब राहावे. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय अशा प्रती पेन ड्राइव्हवरून घरी येतात तेव्हा एकट्या येत नाहीत, आणि ग्राहकाच्या लग्नाचे फोटो ज्या डिस्कवर आहेत तिथे हा पाहुणा नको. फोटोशॉप २०१३ पासून वर्गणीवर मिळते. छायाचित्रकारांसाठी लाइटरूम या फोटो निवडण्या-सुधारण्याच्या सॉफ्टवेअरसह एक वेगळी योजना असते आणि आधी काही दिवस विनामूल्य वापरूनही पाहता येते. प्रमाणपत्र हवे असेल तर काही आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंगचा वर्षभराचा अभ्यासक्रम असतो. पण आपण आधीच व्यवसायात आहात, त्यामुळे मला तरी वर्ष घालवणे गरजेचे वाटत नाही.

घरी शिकायचे ठरवले तर फोटोशॉपच्याच ‘हेल्प’ मेन्यूतून उघडणारे सरावाचे धडे आधी करावेत. नमुना फोटो तेच पुरवतात आणि पडद्यावर कुठे क्लिक करायचे तेही दाखवतात. त्यानंतर उन्मेष दिंडा यांची ‘पिक्सइम्परफेक्ट’ ही यूट्यूब वाहिनी पाहावी. शिकवणे इंग्रजीत आहे, पण भारतीय शिक्षक असल्याने बोलणे सहज समजते, आणि एखादे साधन तसेच का वागते हे ते सांगतात. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ मध्ये आले आणि अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ मध्ये, त्यामुळे या दोन गोष्टींवरचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा चांगला धडाही आज चालतो. ‘सिलेक्शन’ची, म्हणजे फोटोतला भाग निवडण्याची, साधने मात्र दर काही वर्षांनी बदलतात, त्यांच्यासाठी ताजाच धडा शोधावा. ‘या दहा प्रीसेटनी फोटो सिनेमासारखा करा’ अशा व्हिडिओंत प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाचे तयार साचे, विकायचे असतात. ते पाहून हातात काही येत नाही, आणि नवरीच्या अंगावरची हिरवी पैठणी निळसर होऊन बसते. पैठणीचा रंग बदललेला अल्बम तिच्या आईने परत केला की कोणताही प्रीसेट मदतीला येत नाही.

शिकण्याचा क्रम आपल्या कामावरून ठरवावा. पहिले दोन आठवडे फक्त व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाची छटा काढून पांढरे पांढरेच दिसेल असे करण्याला, द्यावेत. लग्नात जेपीजीबरोबर रॉ फाइलही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली नोंद) घेत चला, कारण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, तर जेपीजीमध्ये तो फोटोतच पक्का होऊन जातो आणि फार ओढला तर त्वचा माखल्यासारखी दिसते. फोटोशॉपसोबत येणाऱ्या ‘कॅमेरा रॉ’मध्ये नवऱ्याच्या पांढऱ्या टोपीवर किंवा मांडवातल्या राखाडी खांबावर ड्रॉपरने क्लिक करून काय होते ते पाहावे. मात्र पांढरा शर्टही पिवळ्या कापडाचा उजेड अंगावर घेतो, म्हणून एकाच जागेवर विसंबू नये. दुसरा विषय मापाचा. बारा बाय छत्तीसचे पान ३०० पीपीआयने म्हणजे १०,८०० गुणिले ३,६०० पिक्सेल. मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला १,६०० पिक्सेल लांबीचा फोटो त्यावर सुमारे सव्वापाच इंचांपलीकडे जात नाही. हे गणित ग्राहकाला काम घेतानाच समजावून सांगता येते, आणि तसे केले की नंतरचे निम्मे वाद टळतात. मास्क तिसऱ्या आठवड्यापासून, आणि त्वचेचे रीटचिंग सर्वांत शेवटी. क्लासवाले ते सर्वांत आधी शिकवतात, कारण ते बघायला चटकदार असते.

प्रश्न : आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची पत्रिका मी फोटोशॉपमध्ये करते. मराठी मजकूर पेस्ट केला की वेलांटी चुकीच्या अक्षरानंतर जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. हे शिकवणारा एकही व्हिडिओ सापडला नाही.
(वाचक, मडगाव)

उत्तर : फोटोशॉपचे बहुतेक धडे इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात, त्यामुळे असा व्हिडिओ शोधूनही सापडत नाही यात नवल नाही. आपल्याकडे सीएस६ किंवा त्यानंतरची जुनी आवृत्ती असेल तर ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘टाइप’ या भागात जाऊन मजकुराच्या इंजिनासाठी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडावा, मग नवी फाइल उघडून मजकूर पुन्हा घालावा. तरीही जोडाक्षरे सुटी राहिली तर ‘पॅरेग्राफ’ पॅनेलच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडलेला आहे का, ते पाहावे.

एवढे करूनही जमले नाही तर दोष फाँटचा असतो. श्री-लिपी किंवा आकृतीसारख्या प्रणालींचे जुने फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणक-फोनवर चालणाऱ्या समान अक्षर-संकेतांचे, नव्हते. त्यांत फोनवर टाइप केलेला मजकूर पेस्ट केला की चौकोन किंवा भलतीच अक्षरे उमटतात, कारण फोनवरचा मजकूर युनिकोड असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे युनिकोड फाँट गूगल फाँट्सवर विनामूल्य मिळतात. पत्रिकेच्या मजकुराला मुक्त आणि मथळ्याला बलू, ही जोडी शोभते.

फोटोशॉप जुने असेल आणि बदलायचे नसेल तर मजकूर गिंपमध्ये घालून पाहावा. तिथे देवनागरीची जोडाक्षरे वेगळी काही मांडणी न करता नीट बसतात, आणि मजकुराच्या साधनाच्या पर्यायांत भाषा मराठी निवडली तर ज्या फाँटमध्ये सोय केलेली आहे तिथे हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे ल आणि श येतात. तो मजकूर पारदर्शक पार्श्वभूमीवर पीएनजीत एक्स्पोर्ट करून पत्रिकेच्या फोटोशॉप फाइलीत लेयर म्हणून आणता येतो. एक्स्पोर्ट करण्यापूर्वी फाइलचे माप पत्रिकेच्या मापाइतके आणि ३०० पीपीआय ठेवावे, आणि एक्ससीएफ प्रतही जपून ठेवावी, कारण आरतीची वेळ ऐनवेळी बदलली की पीएनजीतला मजकूर दुरुस्त करता येत नाही.